नांगराला बाईचा हात

रोटावेटर बिघडला की मालक तो दाखवायच्या आधी कारणं सांगायला लागतो. काल संध्याकाळपर्यंत चांगला होता. कोणी हातसुद्धा लावला नाही. ड्रायव्हर नवीन होता. जमीनच कडक होती. इतकी वर्षं हे ऐकत आलो आणि मला याचा मनापासून वीट आला आहे. लोखंड खोटं बोलत नाही, मालक बोलतो. म्हणून माझ्या दुकानाची रीत अशी होती की मालकानं खाटेवर बसून चहा प्यायचा, तोंड बंद ठेवायचं, आणि मी यंत्राला हात लावायचा.

दुकान म्हणजे काय, करडी गावाच्या पुढं रस्त्याच्या कडेला टिनाचं शेड. मागं घर. एक वेल्डिंग मशीन, एक ग्राइंडर, हातोडे, पाने, आणि बाहेर मोडक्या पात्यांचा ढीग. इंजिनाला मी हात लावत नाही, ते करणारे दुसरे आहेत. ट्रॅक्टरच्या मागं जे जोडतात तेवढं माझं: रोटावेटर, कल्टिव्हेटर, पलटी नांगर, चिखलणीची लोखंडी चाकं. आमच्याकडं सगळं धानाचं. बांधीत, म्हणजे बांधाच्या आतल्या शेतात, पाणी साचवून चिखल करायचा, त्या चिखलात रोटावेटर फिरवायचा, म्हणजे तो बिघडणारच. चिखलानं माझं पोट भरलं, खोटं कशाला बोलू.

माझी तपासायची पद्धत हाताची. रोटावेटर जमिनीवरून उचलून थोडा वेळ मोकळा फिरवायचा, ट्रॅक्टर बंद करायचा आणि गिअरबॉक्सवर तळहात ठेवायचा. हात टिकला तर पोट ठीक आहे. हात आपोआप मागं आला तर ऑइल कमी आहे नाही तर बेअरिंग गेलं. मग बाजूच्या बेअरिंगवर हात. मग खालचा बोल्ट ढिला करून ऑइलचा एक थेंब अंगठा आणि बोटात चोळायचा. गुळगुळीत लागला तर बरं. बोटाला कण टोचले तर आतले दाते झिजून राहिले आहेत. मग पात्यांचा दांडा दोन्ही हातांनी धरून हलवायचा, किती खेळतो ते मनगटाला कळतं. एवढं झालं की मी सांगायचो काय बिघडलं आहे, आणि सहसा चुकत नव्हतो. गावातले लोक म्हणायचे, मिस्त्रीच्या हाताला डोळे आहेत. मला ते आवडायचं. कोणाला नाही आवडणार?

उन्हाळी धानाची चिखलणी सुरू होती तेव्हाची गोष्ट. एक रोटावेटर आला, गरम होतो म्हणून तक्रार होती. मी नेहमीसारखा फिरवला, बंद केला, गिअरबॉक्सवर हात ठेवला. थंड वाटला. मी हात तसाच ठेवून मालकाला बोलायला लागलो की उगाच घाबरून जाता, काही गरम नाही. माझी बायको चहा घेऊन आली होती. ती मध्येच थांबली आणि म्हणाली, काहीतरी जळून राहिलं. मी हात काढला तर तळहाताचं कातडं पांढरं पडून सुटत होतं. दुखलं नाही. जराही नाही. मी त्याच हातानं कप घेतला आणि चहा प्यालो, ती माझ्याकडं बघत राहिली.

भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सुया टोचून पाहिलं. डोळे मिटायला लावायचा आणि विचारायचा, टोचलं का. मी नाही म्हणायचो. शेवटी तो म्हणाला, साखर आहे, त्यात ग्राइंडरचा आणि हातोड्याचा हादरा इतकी वर्षं, दोघांनी मिळून नसा सुकवल्या. गेलं ते परत यायचं नाही, उरलं ते सांभाळा. येताना बसच्या खिडकीतून मी वैनगंगेचं पात्र पाहत होतो. वाईट वाटायला पाहिजे होतं. वाट पाहत होतो की आता वाटेल, आता वाटेल. वाटलं नाही. हातासारखंच आतही सगळं बधिर होतं. पुढं बसलेली बाई लसूण सोलत होती, ते मी गाव येईपर्यंत बघितलं.

माझा साळा, बायकोचा भाऊ, वरठीच्या कारखान्यात आहे. त्याला बायकोनं सांगितलं असणार. तो मोटारसायकलवर आला, बसला, इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, भाटजी, आमच्या गेटवर चौकीदार पाहिजे आहे. खुर्ची आहे, वर पत्रा आहे, काम काही नाही. पावसाळा लागेपर्यंत मी ती जागा धरून ठेवतो. माणूस चांगला आहे, मनातून बोलत होता. पण मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. खुर्चीवर बसून येणाऱ्या जाणाऱ्याच्या सायकली बघायच्या आणि सलाम ठोकायचा! मला शिवी दिली असती तर परवडलं असतं.

पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. हात गेला हे एकदा कळलं की माझ्याकडं यंत्र कोण आणणार? मिस्त्रीचा हात म्हणूनच तर येत होते. तेव्हा मी ठरवलं, कोणाला सांगायचं नाही. पावसाळ्यापर्यंत जमलं तर दुकान, नाही तर खुर्ची.

डोळ्यांनी आणि कानांनी पुष्कळ भागतं, हेही खरं. रोटावेटर थरथरत असेल तर आधी ट्रॅक्टरपासून येणारा दांडा बघायचा. ग्रीस मारायला तो दांडा दोन तुकड्यांत ओढून काढतात आणि परत घालताना वाकडा घालतात. दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत पाहिजेत. ते आडवेतिडवे झाले की अख्खं यंत्र डफासारखं वाजतं. लोक पाती बदलून येतात, बेअरिंग बदलून येतात, आणि दुखणं असतं ते दांड्यात. पाती बसवतानाही डावं उजवं बघत नाहीत. डावीकडचं पातं उजवीकडं बसवलं की ते माती कापत नाही, नुसती थापटतं. मग म्हणतात, मिस्त्री, चिखल होऊन नाही राहिला. कसा होईल? कल्टिव्हेटरचे मागचे फाळ वर उचलतात तर ट्रॅक्टरला जोडणारी तिसरी, वरची दांडी फिरवून लांब करायची, एवढं साधं काम, त्यासाठी लोक लांबून येतात.

आणि तो बोल्ट! दांड्यात एक नरम बोल्ट मुद्दाम घातलेला असतो. दगड आला, झाडाचं मूळ आलं की तो तुटतो आणि बाकीचं वाचतं. तुटण्यासाठीच तो असतो. पण आमचे लोक काय करतात? तो सारखा तुटतो म्हणून वैतागतात आणि तिथं सळाखीचा तुकडा ठोकून देतात. मग बोल्ट तुटत नाही, गिअरबॉक्स फुटतो. असा कोणी आला की मी फार बोलतो. बायको म्हणते, तुमचं तोंड म्हणजे सुरू ग्राइंडर. असेल. पण जिथं तुटायला पाहिजे तिथं तुटू द्यायचं नाही, आणि नंतर रडत यायचं, याला काय म्हणावं?

हे सगळं डोळ्यांनी दिसतं. पण ऑइलमधला कण दिसत नाही. एका रोटावेटरचं ऑइल मी बोटात चोळत होतो, चोळत होतो, मला काहीच लागत नव्हतं. पाणी चोळावं तसं. मालक पानठेल्यावर गेला होता. बायको भाजी निवडत बसली होती. ती उठली, माझ्या बोटावरचंच ऑइल तिनं आपल्या बोटानं पुसून घेतलं आणि चोळलं.

"चुरा आहे," ती म्हणाली.

मी विचारलं, तुला काय कळतं त्यातलं. ती म्हणाली, जर्द्यात रेती असली तर कळत नाही का. ती लग्नाआधीपासून बिड्या वळते. तेंदूचं पान, त्यात चिमूटभर जर्दा, आणि बोटांनी गुंडाळी. न बघता, गप्पा मारत मारत वळते, आणि जर्दा कमी पडला की थांबते. त्या बोटांना सगळं कळतं. मी गिअरबॉक्स उघडला. दाते खाल्ले गेले होते.

तिथून सुरू झालं. आधी मालक इकडंतिकडं झाला की ती यायची. मग ते जमेना, कारण मालक लोक हलत नाहीत, खाटेवर बसले की बसले. मग ती त्यांच्यासमोरच करायला लागली. मी सांगायचो, घरच्या माणसाला शिकवून राहिलो, दुकानावर बसता आलं पाहिजे. लोक हसायचे. म्हणायचे, वहिनी म्हणजे मिस्त्रीचा उजवा हात झाली. मीही हसायचो. बरंच वाटायचं. माझा हात गेला नव्हता, तो फक्त तिच्याकडं गेला होता, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

दिवसातून कितीदा तरी मी विचारायचो, गरम आहे का. ती हात ठेवायची, झटकन काढायची आणि सांगायची, आहे. तेवढ्यानं माझं भागत नसे. किती गरम, थोडा वेळ तरी टिकतो का, नीट ठेवून पाहा. मग ती परत ठेवायची. दात आवळून ठेवायची, आणि मी तिच्या तोंडाकडं न बघता गिअरबॉक्सकडं बघायचो. बाजूचं पाहा. आता वरचं पाहा. आता परत खालचं. निदान बरोबर यायला लागलं. यंत्रं परत यायची बंद झाली.

एकदा एका रोटावेटरचं टोकाचं बेअरिंग तापत होतं. तिनं हात लावून सांगितलं, याच बाजूचं. उघडून पाहतो तर दांड्याला लुगडं गुंडाळलेलं. आमच्याकडं रानडुकरांसाठी शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. वाऱ्यानं हलतात, डुकरं बिचकतात. बांधाच्या कडेनं रोटावेटर नेला की साडी आत ओढली जाते, तिचा पीळ होतो आणि तो पीळ सील कापून बेअरिंगपर्यंत जातो. मालकाला विचारलं तर म्हणे, साडी कुठून आली मला काय माहीत. जशी काही उडून आली. बायकोनं तो सगळा पीळ विळ्यानं कापून काढला, एक तुकडा उन्हात धरला आणि म्हणाली, चांगली होती, निळी होती. मी म्हटलं, पुढचं पाहा.

असा उन्हाळा गेला. घरी मी फारसा बोलत नव्हतो. ताट समोर आलं की जेवायचं, भात गरम आहे की थंड ते तोंडात गेल्यावर कळायचं. पोरगी फोनवर विचारायची, बाबा, बरं आहे ना. मी म्हणायचो, बरं आहे. खोटं नव्हतं. वाईट काही वाटत नव्हतं, चांगलंही काही वाटत नव्हतं. बायको एकटीच बोलायची, कोणाच्या घरी काय झालं, कोणाची म्हैस व्याली. मी हं म्हणायचो. कधी कधी तेही नाही.

उन्हाळी धान निघालं आणि नांगरणीचे दिवस आले. दरवर्षी पहिला नांगर एका म्हाताऱ्याचा येतो. बाजूच्या गावचा आहे, माझ्या वडिलांच्या ओळखीतला, मी त्याला काकाजी म्हणतो आणि बायको मामाजी. त्यांच्या गावच्या तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत आधी सोडायचं ते लोक अजूनही त्यालाच विचारतात. त्यानं कोणाकडं नांगर टाकला की मागोमाग चार गावचे नांगर तिथंच येतात. आणि त्यानं उचलून नेला तर तेही नेणार. एवढं सरळ आहे.

तो आला तेव्हा दुपार होती. ट्रॅक्टरच्या मागं पलटी नांगर उन्हात तापत आला होता. सोडवताना ड्रायव्हरनं दुपट्ट्याची घडी करून धरला, नाही तर हात भाजला असता. म्हातारा खाटेवर बसला आणि त्यानं माझ्या रीतीप्रमाणं तक्रार एका वाक्यात सांगितली: नांगर धरत नाही, एका अंगाला पळतो.

मी वरची दांडी पाहिली. बरोबर होती. फाळ पाहिले, झिजले नव्हते. बाजूच्या साखळ्या पाहिल्या. मग हातोड्यानं एकेक पाय ठोकला. पाय म्हणजे ज्याला खाली फाळ बसतो तो जाड लोखंडी तुकडा. एक खणखणीत वाजला. दुसरा बद्द वाजला. म्हणजे भेग होती, जोर आला की पाय वळत होता, आणि म्हणून नांगर एका अंगाला पळत होता. पण भेग कुठं? त्या पायावर आधी कोणीतरी दोनदा वेल्डिंग केलं होतं, वर गंज, वर माती, वर रंग. डिझेल लावून पुसलं आणि वर खडू मारला की भेगेची ओल दिसते, पण त्या खडबडीत सगळीकडंच ओल दिसायला लागली. सगळंच घासून काढलं असतं तर पाय आणखी कमजोर झाला असता. अशा वेळी नख फिरवायचं असतं. भेगेवरून नख गेलं की अडकतं.

मी नख फिरवलं. वरून खाली, खालून वर. मला पोत्यावर हात फिरवल्यासारखं लागत होतं, तेही कदाचित मनानंच. लोखंड तापलेलं होतं म्हणे. मला काय.

"काय शोधून राहिला गा एवढा वेळ?" म्हातारा म्हणाला.

मी नख परत वरून फिरवलं. बायको आतून आली. तिला सांगावं लागत नव्हतं. पदरानं हात पुसला आणि खाली वाकली.

"थांब सूनबाई," म्हातारा म्हणाला. "नांगर आहे तो."

आमच्याकडं बाईनं नांगराला हात लावायचा नसतो. लावला तर पाणी रुसतं, तलाव भरत नाही, असं म्हणतात. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, सगळी बायाच करतात. दिवसभर वाकून, गुडघाभर चिखलात, त्यांच्या हातानंच धान उभं राहतं. पण नांगर नाही. रोटावेटर आला तेव्हा यावर गावात वाद झाला होता, आणि तो याच म्हाताऱ्यानं मिटवला होता. म्हणाला होता, जे फिरतं ते गिरणीसारखं, त्याला कोणीही हात लावा. जे जमीन फाडतं ते नांगर. कल्टिव्हेटरचं त्यानं काही सांगितलं नव्हतं, म्हणून त्याला बाया जपून हात लावत.

मी म्हटलं, काकाजी, ती नुसतं पाहते. तो म्हणाला, पाहायचं तर डोळ्यांनी पाहू दे. मी म्हटलं, ट्रॅक्टरचा नांगर आहे, बैलाचा थोडाच. तो म्हणाला, जमिनीला काय माहीत पुढं कोण ओढून राहिलं? आणि मग माझ्याकडं रोखून बघत म्हणाला, तू आहेस ना समोर, तू पाहा. तुझ्या हाताला काय झालं?

आता कोणीतरी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. ड्रायव्हरही ऐकत होता. सांगितलं तर चार गावांत जाणार. न सांगितलं तर नांगर जाणार. मला वाटलं होतं, ही वेळ आली की छाती धडधडेल. काही झालं नाही. उलट कंटाळा आला, लपवायचा कंटाळा.

"माझ्या हाताले कळत नाही, काकाजी," मी म्हटलं. "मेले माझे हात. चार महिने झाले, तिच्याच हातानं चालवून राहिलो."

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. खाटेच्या दोरीत बोट घालून बसला होता. त्याला माझी दया आली की राग आला ते समजलं नाही. तलावाच्या पाण्याची भांडणं मिटवणारा माणूस, तो तोड काढत होता. मग त्यानं मान वर केली.

"मंग असं धरू," तो म्हणाला. "तुझा हात गेला, तिचा हात तुझ्या कामी आला. म्हनजे हात तुझाच. तिनं लावला तं तूच लावला. नांगराले बाईचा हात लागलाच नाही."

माझा जीव भांड्यात पडला. किती सोपं केलं होतं त्यानं. रीतही राहिली, नांगरही राहिला. मी लगेच मान हलवली, हो म्हटलं, हेच म्हटलं की मीही असंच धरून चालतो. आणि बायकोला खूण केली, चल, कर सुरू.

ती वाकली होती ती सरळ उभी झाली.

"नाही मामाजी," ती म्हणाली. "हात माझा आहे. पोळते तवा मलेच पोळते, यायले नाही. बाईचा हात म्हणून चालत असन तं लावतो. नाही तं राहू द्या."

तिनं पदर डोक्यावर नीट घेतला होता, आवाजही चढवला नव्हता. तिच्या बापाच्या वयाच्या माणसाशी ती आजपर्यंत इतकं एकदम कधी बोलली नव्हती. मला आधी राग आला. सांगतो खरं, राग आला. हातातोंडाशी आलेला घास, आणि ही घालवून राहिली! दुकान राहावं म्हणून केलं ना सगळं. मी तिला डोळे वटारले. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही.

म्हातारा म्हणाला, हात दाखव.

तिनं दोन्ही तळवे त्याच्यापुढं धरले. तो बसून, ती उभी, मी बाजूला. म्हाताऱ्याला कमी दिसतं, त्यानं तोंड जवळ नेलं. मीही तेव्हाच पाहिले. तळव्यावर जुन्या डागांवर नवे डाग होते. काही लाल, काही काळपट, काही ठिकाणी कातडं निघून खाली गुलाबी. बोटांची टोकं चकचकीत झाली होती. बिडी वळणाऱ्या बाईची बोटं अशी नसतात. मग माझ्या लक्षात आलं की कितीतरी दिवसांत घरात तेंदूच्या पानांचा वास आला नाही. मांडीवर घेऊन ती बिड्या वळायची ते सूप भिंतीला टांगलेलं होतं आणि ते मी रोज बघत होतो.

म्हातारा नांगराकडं बघत राहिला. मग आभाळाकडं. आभाळात काही नव्हतं, नुसतं ऊन.

"लाव बाई," तो म्हणाला. "पानी रुसलं तं मी पाहून घेईन त्याच्याकडं."

ती खाली बसली. लोखंड तापलेलं होतं. ड्रायव्हरनं दुपट्टा पुढं केला, तिनं नको म्हटलं, दुपट्ट्यातून नखाला काय कळणार. तिनं अंगठ्याचं नख पायाच्या वरच्या कडेला टेकवलं आणि सावकाश खाली आणलं. या वेळी मी नांगराकडं नाही, तिच्या तोंडाकडं पाहत होतो. तिचे ओठ आत गेले होते. बोट मधूनच उचलायची, हवेत झटकायची, परत तिथंच टेकवायची, सोडलं होतं तिथून. एका बोल्टाच्या जरा खाली, जुन्या वेल्डिंगच्या काठाला, तिचं नख थांबलं. मागं गेलं, परत आलं, परत थांबलं.

"हे," ती म्हणाली.

मी तिच्या बोटाजवळ खडूची खूण केली आणि तिला म्हटलं, काढ हात लवकर. तेवढं घासलं, तर केसाएवढी रेघ निघाली, तिरपी, पार मागच्या बाजूपर्यंत गेलेली. तिला खोल खाच पाडली, वेल्डिंग भरलं, मागून पट्टी लावली. त्याला माझे हात चालतात. पाय ठोकून पाहिला, खणखणीत वाजला. म्हाताऱ्यानं चहा घेतला, जाताना नांगराला हात लावून कपाळाला लावला आणि बायकोला म्हणाला, येतो सूनबाई. मला काही म्हणाला नाही. मागोमाग दुसऱ्याच दिवशी त्याच्या गावचे आणखी नांगर आले. साळ्याला मी फोन केला, म्हटलं, ती खुर्ची दे कोणाला द्यायची त्याला.

पण ते नंतरचं. म्हातारा गेला तेव्हा मी सामान आवरत होतो आणि बायको दिसेना. मागं गेलो. रांजणाच्या सावलीत ती बसली होती, बादलीत मनगटापर्यंत हात बुडवून. मला बघून हात काढायला लागली, काम आलं असं तिला वाटलं असणार. मला लाज वाटली. कितीतरी महिन्यांत मला काही वाटलं ते हे पहिलंच. मी तिच्याजवळ खाली बसलो. तिचा हात पाण्यातून काढून माझ्या हातात घेतला. निवला होता की अजून तसाच होता, मला काही कळलं नाही.

"पोळून राहिलं का?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली.